ओझेलासाठी साडेतीन तास

व्हर्लन टेटची थोरली बहीण ओझेला मेम्फिसला राहते. तिचा फोन आला की 'कसे आहात' वगैरे काही नसतं, सरळ मुद्दा. मे महिन्यात तो फोन आला तेव्हा मी टेट मंडळींच्या व्हरांड्यातच बसले होते. सेंट लुईसच्या उत्तर भागात आमची घरं एकाला एक लागून आहेत. त्यांचा व्हरांडा जरा रुंद आहे, त्यामुळे संध्याकाळी मी तिकडेच असते.

"ज्युनिअर," फोनमधून आवाज आला. वडिलांचंही नाव व्हर्लन होतं, म्हणून एक्काहत्तराव्या वर्षीही हा ज्युनिअरच. "पुढच्या गुरुवारी आमच्या चर्चच्या बायकांची बस शिकागोला निघालीय. वाटेत तुमच्याकडे थांबणार. दहा ते दीड. मला कमानीवर जायचंय. तू काय ते बघ."

"कमानीवर कशाला? घरी ये ना. आर्नेटा मस्त जेवायला करेल."

"जेवण मेम्फिसमध्येही मिळतं. कमान मिळते का?" आणि फोन बंद.

व्हर्लनने घरातून कागद, पेन्सिल आणि पट्टी आणली. पट्टी बघूनच त्याची बायको आर्नेटा माझ्याकडे बघून हसली. हा माणूस एकतीस वर्षं शाळेची बस चालवायचा. मी चौथीची शिक्षिका. दर वसंतात माझा वर्ग घेऊन तो नदीकाठच्या त्या सहाशे तीस फुटी पोलादी कमानीपाशी यायचा, जिच्या पोटातून डब्यात बसून टोकापर्यंत जाता येतं. मी त्याला अजून मिस्टर टेट म्हणते आणि तो मला मिस गेन्स. नोकरीची सवय जात नाही. इथे मात्र व्हर्लनच लिहिते, नाहीतर गोष्ट फार कडक इस्त्रीची होईल.

"दहा वाजता बस," तो लिहायला लागला. "दहा पाच, स्वच्छतागृह. वीस मिनिटं धरतो."

"वीस?" आर्नेटा म्हणाली. "ती अंघोळ करायला येतेय का?"

"सत्त्याहत्तर वर्षांची आहे ती. दहा पंचवीस, चालत प्रवेशद्वार. दहा पस्तीस, पिशव्यांची तपासणी. अकरा वीसच्या फेरीची तिकिटं. पावणेबाराला वर. सव्वाबाराला खाली. साडेबाराला सँडविच..."

"कुठलं सँडविच?"

"सेंट पॉल सँडविच. तिला दुसरं काय लागतं?"

हे खरं होतं. तळलेलं चायनीज ऑम्लेट, दोन साध्या पावांमध्ये, लोणच्यासकट. आमच्या गावातल्या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या चायनीज दुकानात मिळतं, आणि गाव सोडून गेलेली माणसं त्याच्या आठवणीनं हळवी होतात.

"पाऊण वाजता उद्यानात फेरफटका," व्हर्लनने शेवटची ओळ आखली.

"उद्यान म्हणे!" आर्नेटा म्हणाली. सरकारने कमान आणि तिच्या भोवतालच्या हिरवळीला राष्ट्रीय उद्यान केलं तेव्हापासून ती त्या नावावर खार खाऊन आहे. "अस्वल कुठंय त्यात? राष्ट्रीय उद्यान म्हटलं की निदान एक तरी अस्वल पाहिजे."

"तू येतेयस ना," व्हर्लन म्हणाला, आणि पट्टीचा एक फटका खाऊन पुढे लिहायला लागला. "मिस गेन्स, तिकिटं तुम्ही काढाल? मोबाइलवर तुमचा हात चांगला चालतो. तीन."

"तीन कोण?"

"ओझेला, आर्नेटा, तुम्ही."

"आणि तू?" आर्नेटाने विचारलं. विचारताना तिचा आवाज अगदी लोण्यासारखा होता. मी सावरून बसले.

"मी खाली थांबतो. कुणीतरी थांबायला पाहिजे."

"का? कमान पळून जाईल?"

"पर्स सांभाळायला कुणी नको?"

"पर्स वर नेतात, मिस्टर टेट," आर्नेटा म्हणाली. थट्टेत तीही त्याला असंच म्हणते. "एकतीस वर्षं तुमच्या बसमध्ये पर्स होत्या का? पहिल्या वर्षी काय होतं, इंजिन गरम झालंय. मग टायरमधली हवा बघायचीय. एका वर्षी तर म्हणालात पाऊस येईल, बसच्या खिडक्या कोण लावणार? मिस गेन्स, आला होता पाऊस?"

"आठवत नाही," मी म्हणाले. कडक ऊन होतं.

मग व्हर्लनने पेन्सिल खाली ठेवली, आणि आम्हा दोघींना कळलं की आता बाबांची गोष्ट येणार. ती आली की थट्टा थांबते. थांबवायलाच लागते.

चौसष्ट साली कमान अर्धी झाली होती. दोन्ही बाजूंनी दोन पाय वर चढत होते. व्हर्लनचे वडील नदीपलीकडच्या कारखान्यात दहा वर्षं वेल्डिंग करत होते, आणि एका सोमवारी ते धुतलेला शर्ट घालून, जेवणाचा डबा घेऊन तिथे काम मागायला गेले. वरच्या, कसबाच्या कामावर तेव्हा आपल्या काळ्या माणसांना घेत नव्हते. फाटकावरच्या माणसाने त्यांचं नाव लिहून घ्यायलाही पेन्सिल उचलली नाही. दहाच्या सुमारास ते घरी परत आले. डबा भरलेलाच. अकरा वर्षांच्या व्हर्लनला त्यांनी त्यातलं सँडविच दिलं आणि ते अंगणात जाऊन बसले.

"त्या दिवशी मी ठरवलं," व्हर्लन म्हणाला. "ज्या लोखंडाला माझ्या बापाचा हात चालला नाही, त्यावर माझा पाय पडणार नाही."

आर्नेटाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी पलीकडच्या घराकडे बघत राहिले. थोड्या वेळाने तो आत पाणी प्यायला गेला, तेव्हा आर्नेटा माझ्याकडे झुकली.

"चार काढ," ती कुजबुजली.

"अगं पण..."

"बाबांचं सगळं खरंय. सेहेचाळीस वर्षं मी ते ऐकते आणि दर वेळी माझा जीव तुटतो. पण हा माणूस मोठ्या दुकानातल्या लिफ्टमध्येही चढत नाही गं. त्या दुकानाने कुणाच्या बाबांना परत पाठवलं होतं?"

मी चार काढली.

गुरुवारी आम्ही नऊ चाळीसलाच हजर. जुन्या कोर्टाच्या इमारतीसमोर, बसेस थांबतात तिथल्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. व्हर्लनच्या मांडीवर गरम सँडविचची कागदी पिशवी, खिशात घडी केलेला कागद. समोर हिरवळ, आणि तिच्या टोकाला कमान उन्हात इतकी चमकत होती की बघवत नव्हतं. दहा वाजले. दहा दहा झाले. व्हर्लनने स्वच्छतागृहाची दहा मिनिटं कापली. दहा वीस झाले, उरलेली दहाही कापली.

"आता तिला अंघोळ चालत्या बसमध्येच करावी लागेल," आर्नेटा म्हणाली.

दहा पस्तीसला बस आली. वाटेत रस्ता अडला होता म्हणे. दारातून आधी जांभळी हॅट उतरली, मग काठी, मग ओझेला. तिने भावाला मिठी मारली, एक पाऊल मागे जाऊन त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पोट बाबांचं घेतलंस, उंची घ्यायला विसरलास." मग तिचं नाक हललं. "त्या पिशवीत माझं आहे ना?"

"ते साडेबाराला," व्हर्लन म्हणाला.

"कुणाच्या?"

ती तिथेच उभ्याउभ्या खायला लागली. डोळे मिटून, काठी आर्नेटाच्या हातात देऊन, हॅट जराही न हलवता. व्हर्लन घड्याळ बघत होता आणि ती प्रत्येक घासाला मान डोलवत होती. बसबरोबर आलेल्या बाई मागून ओरडल्या, "सिस्टर ओझेला, दीड म्हणजे दीड! उशीर झाला तर शिकागोला पायी!" ओझेलाने हात हलवला. हातात लोणच्याची फोड होती.

पुढची वीस मिनिटं व्हर्लनने आम्हाला हाकत नेलं. हिरवळीतून, उतारावरून, तपासणीच्या रांगेतून. तपासणीत ओझेलाच्या हॅटमधून सात पिना निघाल्या, आठवी कुठे आहे ते तिलाही माहीत नव्हतं. खाली संग्रहालयात तिला चांगला तासभर रमायचं होतं. व्हर्लनने तिला तीन मिनिटं दिली. "अगं बघ, होडी. बघ, बैलगाडी. झालं, चल." माझ्या वर्गातल्या मुलांनासुद्धा मी असं पळवलं नव्हतं.

अकरा वीसला पाच मिनिटं कमी असताना आम्ही कमानीच्या पायाशी, जमिनीखाली, फेरीच्या रांगेपाशी पोचलो. तिथून पुढे पायऱ्या उतरायच्या, की आठ बुटकी दारं ओळीने दिसतात. प्रत्येक दारामागे एक गोल डबा, आत पाच माणसं. दार लहान मुलाच्या उंचीचं. माझा चौथीचा वर्ग त्यातून ताठ मानेने आत जायचा, मी वाकून.

व्हर्लन दोरीच्या अलीकडे थांबला. "जा तुम्ही. मी इथेच आहे."

"म्हणजे?" ओझेला म्हणाली.

"मी येत नाही, ओझेला. तुला माहितीय का ते."

"मला काही माहीत नाही."

"बाबांसाठी." तो हळू आवाजात म्हणाला, कारण पुढे-मागे माणसं होती. "त्यांना ज्या फाटकातून परत पाठवलं..."

ओझेलाने काठीवर दोन्ही हात ठेवले.

"ज्युनिअर, बाबा वर गेले होते."

"कुठे वर?"

"इथे. या कमानीवर. अडुसष्टचा उन्हाळा, माझं लग्न ठरलं होतं तेव्हा. रविवारी चर्चनंतर मला म्हणाले, तू मेम्फिसला जाणार, त्याआधी चल. तू बेसबॉल खेळायला गेला होतास. आम्ही दोघं गेलो. पुन्हा सप्टेंबरात एकटे गेले, ते मला पत्रात कळवलं."

मला वाटलं व्हर्लनला ऐकूच आलं नाही.

"खोटं," तो म्हणाला.

"वर जाताना दाराच्या काचेतून आतला जिना दिसतो, त्याचं वेल्डिंग बघत होते. म्हणाले, काम चांगलं झालंय. मग थोड्या वेळाने म्हणाले, त्या कठड्याच्या कोपऱ्यात मी याहून सफाईने केलं असतं."

"मग मला का नाही सांगितलं?" आवाज चढला. पुढचं एक जोडपं वळून बघायला लागलं. "साठ वर्षं झाली, ओझेला! कुणीच का नाही सांगितलं?"

"कसं सांगणार? तू पंधरा वर्षांचा. रविवारच्या शाळेत सगळ्यांसमोर उभा राहून म्हणालास, टेट घराण्यातलं कुणी तिथे पाऊल टाकणार नाही. बाबा मागच्या बाकावर होते. घरी येताना मला म्हणाले, पोरगा माझ्यासाठी रागावलाय, माझ्यासाठी असं कुणी रागावलं नव्हतं आजवर. राहू दे. त्याला सांगू नकोस." ओझेलाने नाक पुसलं. "नंतर ते वारले. मग मला वाटलं, तू कधीतरी मोठा होशील आणि आपणहून जाशील. मला काय माहीत तू इतका वेळ घेशील?"

आर्नेटा हसली, आणि हसतानाच तिने डोळे पुसले. मीही पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. व्हर्लन दोरीला धरून उभा होता.

"चला, पुढे चला," दोरीपाशी उभी असलेली खाकी टोपीतली मुलगी म्हणाली. "तुम्ही किती जण?"

"चार," मी म्हणाले आणि मोबाइल पुढे केला.

व्हर्लनने आधी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बायकोकडे. "हे ठरवून केलंत."

"मिस्टर टेट," आर्नेटा म्हणाली, "बाबांचा प्रश्न मिटला. आता दुसरं कारण असेल तर लवकर सांगा, रांग थांबलीय."

त्याने पायऱ्यांखालच्या बुटक्या दारांकडे बोट केलं. "दार फार लहान आहे," तो म्हणाला. इतक्या हळू, की आर्नेटाने त्याला पुन्हा विचारलं नाही. थट्टाही केली नाही. तिने फक्त त्याचा हात काखेत धरला आणि पायऱ्या उतरायला लागली, आणि तो तिच्याबरोबर उतरला.

डब्यात आम्ही चौघंच. गुडघ्याला गुडघा, डोक्यावर वाकलेलं पांढरं छत, कपडे धुवायच्या यंत्रात बसल्यासारखं. दार बंद झालं तसा व्हर्लनने श्वास घेतला तो सोडलाच नाही.

"हे चालवतंय कोण?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. आपोआप," मी म्हणाले.

"हे सांगायची गरज होती का, मिस गेन्स?"

डबा कण्हत वर निघाला, थोडं वर, मग झोकांडी खाऊन सरळ, पुन्हा वर. व्हर्लनचे डोळे घट्ट. आर्नेटाची बोटं त्याच्या मुठीत चेपली गेली होती, पण तिने चकार शब्द काढला नाही. ओझेला बोलत होती. बाबांनी तेव्हा कुठला टाय घातला होता, वर जाताना समोरच्या गोऱ्या बाईने बाळ त्यांच्या मांडीवर कसं ठेवून दिलं आणि बाळाने टाय कसा चोखला. दोनएक मिनिटांनी ती थांबली आणि काठीने दार वाजवलं. "जिना आला बघ."

व्हर्लनने एक डोळा उघडला. काचेपलीकडे दिव्यांच्या उजेडात लोखंडी जिना खाली सरकत होता. त्याने दुसराही उघडला. मग पुढे झुकून काचेला नाक लावलं.

"कुठला कोपरा?"

"कठड्याचा."

"हा? मला तर ठीक वाटतंय."

"तुला वेल्डिंगमधलं काय कळतं?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि वर पोचेपर्यंत प्रत्येक कोपरा बघत राहिला.

वर लांबट, कमरेत वाकलेली खोली आहे. खिडक्या इतक्या बुटक्या आणि तिरप्या, की भिंतीवर पोट टेकून पालथं पडल्यासारखं झोपून बघावं लागतं. ओझेला हॅट काढून एका खिडकीवर आडवी झाली. पूर्वेला नदी, मातकट आणि रुंद. दोन मिनिटांत तिचं बघून झालं. "झालं. गुडघे दुखायला लागले."

व्हर्लन पश्चिमेच्या खिडकीत होता. त्याने आधी चर्चची बस शोधली आणि ती जागेवर आहे याची खात्री केली. मग त्याची नजर उत्तरेकडे सरकली.

"तो माझा रस्ता," तो म्हणाला. "मिस गेन्स, या इकडे. ती पाण्याची टाकी दिसते? तिथून डावीकडे वळायचं, पहिला थांबा. जुळ्या मुली चढायच्या, एकीचा बूट नेहमी हातात. ते विटांचं उंच छप्पर म्हणजे तुमची शाळा."

मी बघितलं. मला नुसती झाडं आणि छपरं दिसत होती, मग एकदम दिसली. शाळा बंद होऊन नऊ वर्षं झाली. छपरावर कुठलंसं झाड उगवलं होतं. आम्ही दोघं शेजारी शेजारी पालथे पडून एकेक शाळा मोजत गेलो, चालू असलेल्या आणि बंद पडलेल्या. त्याला प्रत्येक वळण तोंडपाठ होतं, कुठे पाणी साचतं, कुठला कुत्रा बसमागे धावायचा. आमच्या मागे माणसं येत होती, जात होती.

"ज्युनिअर," ओझेला म्हणाली, "सव्वाबारा वाजून गेले."

"हो हो."

साडेबारा झाले. तो खिडकी बदलून अजून उत्तरेकडे सरकला. पावणेएक.

"मिस्टर टेट," आर्नेटा त्याच्या कानाशी वाकली, "तुमच्या कागदाप्रमाणे आपण आत्ता उद्यानात अस्वल बघत असायला हवं."

"पाचच मिनिटं. ते मोठं मैदान दिसतंय तिथे बाबा आम्हाला..."

"बस!" ओझेला ओरडली. "माझी बस!"

खाली जायच्या रांगेत आमच्यापुढे पन्नास माणसं होती. बाहेर उन्हात आलो तेव्हा एक पंचवीस. सत्त्याहत्तर वर्षांची बाई काठी टेकत, हॅट हातात घेऊन हिरवळीच्या चढावरून जितकं पळू शकते तितकी पळाली, आणि आर्नेटा तिला मागून ढकलत होती. व्हर्लन पुढे धावला. बसचं इंजिन चालू होतं. तो सरळ बसच्या नाकासमोर जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात आडवे केले. ड्रायव्हरने काच खाली केली.

"साहेब, मला शिकागोला पोचायचंय."

"मी एकतीस वर्षं बस चालवलीय," व्हर्लन धापा टाकत म्हणाला. "एका म्हातारीसाठी चार मिनिटं थांबलं तर काही होत नाही."

"म्हातारी कुणाला म्हणतोस?" मागून ओझेला आली. तिने एका हाताने त्याची मान खाली ओढली, कपाळाचा मुका घेतला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या पोटावर चापट मारली. "चांगला गेलास वर. आता उशीर केल्याबद्दल त्या बाईंना सांगायला मी तुझं नाव घेणार." आतून बायकांचा गलका झाला आणि दार मिटलं.

बस वळली आणि दिसेनाशी झाली. आम्ही कमानीखालून पलीकडे गेलो आणि नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसलो, कारण कुणाच्याच पायात त्राण नव्हतं. पुलावरून गाड्या पलीकडे इलिनॉयला जात होत्या. त्यातलीच एक तिची असेल.

आर्नेटाने व्हर्लनच्या पाठीवरून हात फिरवला. "रागावलास तिच्यावर?"

"नाही. मी आधी विचारायला हवं होतं. कुणाला तरी. त्यांनाच."

"तिला विचार."

"ती आत्ता तर गेली."

"फोन आहे ना तुझ्याकडे?"

त्याने फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे बसमध्ये बायका गात होत्या, टाळ्या वाजत होत्या. "काय रे, काय विसरलं?" ओझेला ओरडली.

"काही नाही. वर गेल्यावर ते काय म्हणाले?"

"कोण? बाबा? थांब, या बायकांना जरा गप्प करते." गाणं थांबलं नाही, जरा हळू झालं. "अरे, आधी काहीच बोलले नाहीत. मग खिडकीतून आपलं घर शोधायला लागले. मी म्हटलं बाबा, आपलं घर उत्तरेला आहे, तुम्ही दक्षिणेला बघताय. तर म्हणाले..."

ती सांगत होती आणि व्हर्लन फोन दोन्ही हातांत धरून ऐकत होता. मधेच तो खो-खो हसला, मधेच म्हणाला, "खरं? खरं सांगतेस?" आर्नेटाने बूट काढले आणि पाय खालच्या पायरीवर सोडले. मीही काढले. नदीतून एक लांबलचक मालवाहू बार्ज हळूहळू खाली चालली होती. ती दिसेनाशी झाली, तिच्यामागून दुसरी आली, आणि ती दोघं अजून बोलतच होती.